हजेरीपटाच्या समासातलं अक्षर

पाचवीच्या एका जुन्या हजेरीपटात मुलांच्या नावांपुढे मी पेन्सिलीनं एकेक अक्षर लिहिलं होतं. ‘पा’ म्हणजे पाहून शिकणारा, ‘ऐ’ म्हणजे ऐकून शिकणारा, ‘कृ’ म्हणजे कृतीतून शिकणारा. एका प्रशिक्षणात ही विभागणी शिकून आले होते आणि मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या आमच्या शाळेत जूनच्या पहिल्याच आठवड्यात ती वर्गाला लावून मोकळी झाले होते. एका मुलापुढे ‘ऐ’ होतं. तोंडी उत्तरं तो फार छान द्यायचा, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगायचा. म्हणून मी त्याला ऐकवतच राहिले. उतारा दुसऱ्या कुणी वाचायचा, त्यानं ऐकायचा आणि उत्तर द्यायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा त्याला शेजारी बसवून नवा उतारा वाचायला दिला. जोडाक्षर आलं की तो थांबत होता आणि पुढचा शब्द अंदाजानं म्हणत होता. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तो इतकं कान देऊन ऐकत होता. त्याच्या अडचणीलाच मी त्याची शैली समजले आणि त्याचे पाच महिने गेले.

ती चूक तुमच्या हातून होऊ नये, यासाठी हा लेख. आपल्या वर्गातली मुलं वेगवेगळी असतात, हे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. एकाच बाकावर वेसाव्याच्या कोळीवाड्यातली मुलगी, गेल्या वर्षी उत्तर प्रदेशातून आलेला मुलगा आणि सोसायटीत वाढलेला, घरी पुस्तकांचं कपाट असलेला तिसरा बसतो. पस्तीस मिनिटांच्या तासाला, पन्नास मुलांपुढे, या वेगळेपणासाठी आपण नेमकं काय बदलायचं, एवढाच खरा प्रश्न आहे.

शैलीची कल्पना कुठवर धरायची

न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी १९९०च्या दशकात पाहणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं आणि करणं अशी शिकण्याच्या पसंतीची चौकट मांडली. ती जगभरच्या प्रशिक्षणांत पोचली. तिच्यातून पुढे असा समज रुजला, की प्रत्येक मुलाची एक ठरलेली शैली असते आणि त्याच शैलीत शिकवलं तर ते अधिक शिकतं. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी २००८मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं. शैली जुळवून शिकवल्यानं शिकणं वाढतं, असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. २०१५मध्ये अमेरिकेत प्रौढांवर झालेल्या एका अभ्यासात काहींना मजकूर ऐकवला आणि काहींना वाचायला दिला. ज्यांना ऐकणं आवडतं त्यांना ऐकून जास्त समजलं, असं काही तिथेही दिसलं नाही.

हॉवर्ड गार्डनर यांचं नावही याच संदर्भात घेतलं जातं. त्यांनी १९८३मध्ये बहुविध बुद्धिमत्तांची मांडणी केली. पण बुद्धिमत्ता आणि शिकण्याची शैली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं.

म्हणजे मुलांची आवड खोटी, असं नाही. कुणाला चित्रं आवडतात, कुणाला गाणी, कुणाला हात मातीत घालायला. त्या आवडीचा मान ठेवावा. पण आवडीवरून मुलाचा मार्ग ठरवून टाकला, तर बाकीचे मार्ग त्याच्यासाठी बंद होतात. ‘ऐ’ लिहिलेल्या माझ्या विद्यार्थ्याचं नेमकं तेच झालं.

पाहणं, ऐकणं, करणं या तिन्ही गोष्टी मौल्यवान आहेत. त्या तीन प्रकारच्या मुलांत वाटून द्यायच्या नाहीत. तिन्ही प्रत्येक मुलाला मिळायला हव्यात, आणि कशानंतर काय हे त्या धड्याच्या गरजेनुसार ठरायला हवं. भूगोल शिकताना नकाशा लागतोच, मग मूल कुठल्याही शैलीचं असो. कविता कानावर पडलीच पाहिजे. सूर्यनमस्कार घातल्याशिवाय येत नाहीत.

मग खरा फरक कुठे असतो

माझ्या अनुभवात वर्गातले चार फरक शिकवण्यावर सर्वांत जास्त परिणाम करतात.

पहिला फरक पायरीचा. पाचवीच्या वर्गात कुणी गोष्ट घडाघड वाचतं, कुणी शब्दाशब्दावर अडतं. कुणाला भागाकार येतो, कुणाला हातच्याची वजाबाकी अजून जमलेली नसते.

दुसरा भाषेचा. मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते, यावरूनच या शहराची भाषिक घडण लक्षात येते. मराठी माध्यमाच्या वर्गातही हिंदी, गुजराती, भोजपुरी, कोकणी, आगरी, कोळी अशा कितीतरी भाषा आणि बोली घरून येतात, आणि सेमी-इंग्रजीत गणित-विज्ञानाला आणखी एक भाषा मिळते.

तिसरा डोळ्यांचा, कानांचा आणि शरीराचा. फळ्यावरचं चुकीचं उतरवणारं मूल निष्काळजी असेलच असं नाही. कदाचित त्याला चष्मा लागला असेल. सकाळच्या अधिवेशनात पेंगणारं मूल कदाचित रात्री एका खोलीच्या घरात उशिरापर्यंत जागं असेल.

चौथा धीराचा. काही मुलांना उत्तर येत असतं, पण पन्नास जणांसमोर तोंड उघडण्याचा धीर होत नाही.

या चारही गोष्टी तपासता येतात, आणि बदलताही येतात. शैलीचा शिक्का मात्र वर्षभर तसाच राहतो. म्हणून हजेरीपटाच्या समासात काही लिहायचंच असेल, तर या चारांबद्दल लिहावं.

पहिले दोन आठवडे वर्ग ओळखण्याचे

पन्नास मुलांची ओळख करून घ्यायला वेळ कुठून आणायचा? रोज पाच मुलं, प्रत्येकी तीन मिनिटं. दहा दिवसांत अख्खा वर्ग होतो. बाकीची मुलं स्वाध्याय करत असताना एकेकाला टेबलाजवळ बोलवायचं. परीक्षेसारखं नाही, गप्पांसारखं.

वाचनासाठी चार चिठ्ठ्या पुरतात. एकीवर सुटी अक्षरं, दुसरीवर साधे शब्द, तिसरीवर चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद आणि चौथीवर इयत्ता दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. ‘असर’ या नावानं २००५पासून देशाच्या ग्रामीण भागात होणाऱ्या शैक्षणिक पाहणीची वाचनचाचणी याच चार पायऱ्यांची आहे. सुरुवात परिच्छेदापासून करा. तो वाचता आला तर गोष्टीकडे जा, अडला तर शब्दांकडे उतरा. गोष्ट वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा. काही मुलं सरसर वाचतात, पण वाचलेलं त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

गणितासाठी दोन अंकी संख्या वाचणं, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं एवढं पुरे. उत्तरापेक्षा ‘हे कसं केलंस ते सांग’ हा प्रश्न महत्त्वाचा. ५२मधून १७ वजा करून ४५ लिहिणारं मूल दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढतं. हे कळलं की उद्या काय शिकवायचं ते तुम्हाला आपोआप कळतं.

शेवटचं अर्धं मिनिट तीन गोष्टींसाठी ठेवा : घरी काय बोलतोस, शेवटच्या बाकावरून फळा दिसतो का, आणि वर्गात काय करायला आवडतं. मग समासात एक छोटी नोंद : ‘परिच्छेद जमतो, गोष्ट अडते’, ‘हातचा नाही’, ‘घरी भोजपुरी’, ‘डोळे तपासायला सांगायचं’.

एक धडा, तीन रूपं

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात सांगितलं, की माणूस एखादी कल्पना कृतीतून, चित्रातून आणि चिन्हातून अशी तीन रूपांत धरून ठेवतो. आपल्याकडे याची उदाहरणं जुनी आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभं केलं, त्यात शिंपले, गोटे, पानं, बिया हेच शैक्षणिक साहित्य होतं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. मुलाला शाळेच्या मापाचं करण्याआधी शाळा मुलाच्या मापाची करावी, ही शिकवण आपल्याला आपल्याच मातीतून मिळालेली आहे.

पाचवीच्या अपूर्णांकांचा एक तास घेऊन पाहू. बहुतेक मुलांची चूक सारखीच असते : चार हे तीनपेक्षा मोठे, म्हणून एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा. ही चूक कुठल्याही एका शैलीच्या मुलाची नाही, सगळ्यांचीच आहे.

*पहिली पाच मिनिटं.* पुस्तकं बंद. कालच्या भागावर तीन प्रश्न, उत्तरं पाटीवर. सगळ्यांनी एकदम पाट्या वर करायच्या. हात वर करणाऱ्या पाच जणांऐवजी पन्नास जणांची उत्तरं तुम्हाला एका नजरेत दिसतात, आणि बोलायला घाबरणारं मूलही उत्तर देतं. वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगितल्यानं ते जास्त दिवस टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६मध्ये दाखवून दिलं. त्यामुळे ही पाच मिनिटं कधीही टाळू नका.

*पुढची दहा मिनिटं.* प्रत्येक मुलाला जुन्या कॅलेंडराच्या कागदाच्या सारख्या दोन पट्ट्या द्या. लांबी मुद्दाम १२ सेंटिमीटर ठेवा, कारण बाराचे दोन, तीन, चार आणि सहा असे सारखे भाग पडतात. कागदाच्या तीन सारख्या घड्या घालणं मुलांना जमत नाही आणि सगळा तास त्यातच जातो. म्हणून पट्टीनं मोजून खुणा करायच्या. एका पट्टीचे तीन भाग, प्रत्येकी ४ सेंटिमीटर. दुसरीचे चार भाग, प्रत्येकी ३ सेंटिमीटर. एकेक भाग रंगवून दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवायच्या. इथे तुम्ही काही सांगू नका. बाकाबाकावरून ‘बाई, तीनवाला मोठा आहे!’ असा आवाज येऊ द्या.

*त्यानंतरची आठ मिनिटं.* त्याच पट्ट्यांचं चित्र फळ्यावर आणि वहीत. आता सेंटिमीटर मोजायचे नाहीत. फक्त सारखे भाग आणि रंगवलेला भाग.

*पुढची सात मिनिटं.* चित्राशेजारी अंश आणि छेद लिहायचे. मग प्रत्येकानं शेजाऱ्याला सांगायचं, की छेद वाढला की तुकडा लहान का होतो. पन्नास मुलं एकदम बोलतील आणि गलका होईल. होऊ द्या. प्रत्येकाला बोलायला मिळावं, याची एवढी सोपी दुसरी वाट नाही.

*शेवटची पाच मिनिटं.* एक चिठ्ठी : एक तृतीयांश आणि एक पंचमांश यांत मोठा कोणता? कारण एका ओळीत लिहा किंवा चित्र काढून दाखवा. पंचमांश मुद्दाम विचारायचा. १२ सेंटिमीटरचे पाच सारखे भाग पट्टीवर सहज पडत नाहीत, त्यामुळे मुलांना पट्टी सोडून विचार करावा लागतो.

चिठ्ठ्यांचे घरी किंवा मधल्या सुट्टीत तीन ढीग करा : कारणासह जमलं, उत्तर बरोबर पण कारण नाही, आणि चुकलं. याला दहा मिनिटं लागतात. उद्याचा तास या तीन ढिगांवरून ठरवायचा.

दोन अधिवेशनांच्या शाळेत वर्गखोली आपली एकटीची नसते. दुपारी तिथे दुसरा वर्ग बसतो आणि भिंतीवर लावलेलं टिकत नाही. म्हणून साहित्य पिशवीत मावेल एवढंच ठेवा. पट्ट्या, चिंचोके, काड्या, दोऱ्याचा गुंडा आणि चिठ्ठ्यांचा एक डबा एवढ्यावर वर्षभराचं बहुतेक गणित होतं.

भाषेचं दार

हिंदीभाषक मुलासाठी ‘छेद’ म्हणजे भोक. अपूर्णांकाला त्याच्या घरच्या भाषेत ‘भिन्न’ म्हणतात आणि छेदाला ‘हर’. आपण तासभर छेद-छेद म्हणत राहतो आणि ते मूल भोक शोधत बसतं. गुजरातीत मात्र अपूर्णांकाला अपूर्णांकच म्हणतात आणि वजाबाकीला ‘बादबाकी’. प्रत्येक मुलाला आधार देणारे शब्द त्याच्या घरातच असतात, आपण ते वर्गात मागवत नाही इतकंच.

म्हणून नव्या घटकाच्या पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात पाच-सहा मुख्य शब्द लिहा आणि विचारा, ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ मुलं सांगतील ते शब्द शेजारी लिहा. सेमी-इंग्रजीच्या वर्गात इंग्रजी संज्ञाही तिथेच येऊ द्या. घटक संपेपर्यंत ही यादी पुसायची नाही. फळ्यावर जागा नसेल तर जुन्या कॅलेंडराच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून ती रोज टांगा. यानं मराठी कच्ची राहील अशी भीती बाळगू नका. ओळखीच्या शब्दाचा हात धरूनच मूल नव्या शब्दापर्यंत येतं.

मराठी संख्यानामं तर मराठी मुलांनाही जड जातात. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतात आणि साठ नंतर, लिहिताना मात्र सहा आधी. मग कितीतरी मुलं ३६ लिहितात. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. वर्गात मात्र मी ही रीत आधाराची काठी म्हणून वापरली. अडणाऱ्या मुलानं आधी ‘साठ तीन’ म्हणावं, लिहावं आणि मग ‘त्रेसष्ट’ म्हणावं. काही आठवड्यांत काठी आपोआप बाजूला पडते.

उपनगर हीच प्रयोगशाळा

कृतीतून शिकवण्यासाठी महागडं साहित्य लागत नाही. आपल्या परिसरात ते पसरलेलं आहे.

घाटकोपर आणि अंधेरीच्या मुलांना मेट्रो ओळखीची असते. वर्सोवा ते घाटकोपर हा मुंबईचा पहिला मेट्रोमार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. लांबी ११.४ किलोमीटर, स्थानकं १२. मुलांना विचारा, दोन स्थानकांत सरासरी किती अंतर? बहुतेक जण बारानं भागतील. मग बारा मुलांना ओळीत उभं करा, प्रत्येकाला एका स्थानकाचं नाव द्या आणि मधल्या मोकळ्या जागा मोजायला सांगा. त्या अकरा निघतात. उत्तर एक किलोमीटरहून थोडं जास्त. झाडं आणि खांबांच्या गणितात मुलं नेहमी चुकतात ती हीच चूक. स्वतः स्थानक होऊन उभं राहिलेलं मूल ती सहसा पुन्हा करत नाही.

अंधेरीच्या शाळांना गिल्बर्ट हिल जवळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा इथे थंड होताना आकसला आणि त्याचे उभे स्तंभ झाले. टेकडी पाहण्याआधी वर्गात चिखलाचा थर ताटलीत पसरून उन्हात ठेवा. दोन दिवसांत पडलेल्या भेगांचे आकार मुलांनी वहीत काढले, की बेसाल्टचे स्तंभ पाहताना त्यांना कारण आठवतं. बोरिवलीच्या मुलांना कान्हेरीची लेणी आहेत. एकाच खडकात शंभराहून जास्त लेणी कशी कोरली, पावसाचं पाणी टाक्यांत कसं साठवलं, हे बघताना इतिहास, भूगोल आणि पाण्याचं नियोजन एकत्र येतं. मुलुंड-भांडुपच्या मुलांना मिठागरं माहीत असतात. बाष्पीभवनाच्या धड्याला खिडकीत मिठाच्या पाण्याची ताटली ठेवायची आणि रोज निरीक्षण लिहायचं.

एक काळजी मात्र घ्या. सहलीहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या अनुभवाचं चित्र, शब्द आणि सूत्र झालं पाहिजे. नाहीतर मुलांना डबा आणि बसमधली गाणी आठवतात, खडक आठवत नाही.

पायरीनुसार शिकवणं

पायरीनुसार शिकवण्याचा एक भक्कम पुरावा आपल्या मुंबईतलाच आहे. १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेनं महापालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम चालवला. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं बसवून वाचन आणि अंकगणिताच्या पायाभूत गोष्टी शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाची तपासणी केली. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. बालसखीकडे काही मुलं गेल्यावर मूळ वर्गातली संख्या कमी झाली, पण तिथे उरलेल्या मुलांची प्रगती त्यामुळे वाढली नाही. मुलांची संख्या कमी झाली तर हवंच आहे. पण शिकवणं मुलाच्या पायरीवर उतरलं, तेव्हा फरक पडला.

बालसखी नसलेल्या वर्गात हे कसं करायचं? आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं. वाचनाचे तीन गट. शब्दांवर अडणारा गट तुमच्याबरोबर. परिच्छेदावरचा गट जोडीनं वाचतो, एक वाचतो आणि दुसरा बोट ठेवून ऐकतो. गोष्ट वाचणारा गट ग्रंथालयातलं पुस्तक वाचून तीन प्रश्न तयार करतो. हुशार मुलांना सतत इतरांना शिकवायला लावू नका. त्यांचंही शिकणं पुढे सरकलं पाहिजे.

गटांना ‘हुशार’, ‘कच्चे’ अशी नावं तर नकोतच, पण सूर्य-चंद्र-तारे म्हटलं तरी मुलांना क्रम लगेच कळतो. म्हणून गट दर महिन्याला नव्यानं तपासा आणि गणिताचे गट वाचनाच्या गटांहून वेगळे ठेवा. वाचनात मागे असलेली मुलगी गणितात पुढच्या गटात बसली, की तिच्या कपाळावर शिक्का बसत नाही.

उत्तर देण्याच्या वाटा

मूल्यमापनात यासाठी जागा आपल्याला आधीच मिळालेली आहे. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयानं पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्याच्या आकारिक भागात दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं दिलेली आहेत. बऱ्याच ठिकाणी नोंदवहीचे रकाने वर्षाअखेरीस एका बैठकीत भरले जातात आणि ही साधनं कागदावरच राहतात. त्यांचा खरा उपयोग करा. जलचक्राच्या घटकात काय समजलं ते लिहायला सांगा, दुसऱ्या एखाद्या घटकात आकृती काढून समजावून सांगायला लावा.

मात्र तोंडी उत्तर देणाऱ्या मुलाला लेखनातून सूट देऊ नका. त्याला आधी तोंडी सांगू द्या, मग त्यातलीच दोन वाक्यं लिहून घ्या, पुढच्या महिन्यात चार. मूल जिथे खंबीर आहे तिथून सुरुवात करायची आणि जिथे अडतं तिथपर्यंत त्याला घेऊन जायचं. माझ्या ‘ऐ’ अक्षराच्या विद्यार्थ्याला मी पहिल्या पायरीवरच उभं ठेवलं होतं.

अडचण खोल असेल तर

काही मुलं तोंडी हुशार असतात, मन लावून सराव करतात, तरी महिनोन्‌महिने अक्षरांची गल्लत, अतिशय संथ वाचन किंवा आकड्यांची उलटापालट सुटत नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा. तरी अडचण राहिली तर पालकांना शांतपणे बोलवा. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात तिची तपासणी होते. प्रमाणपत्र मिळाल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. निदान करणं हे आपलं काम नाही. आपलं काम म्हणजे कुठे अडतं याच्या तारखांसह नोंदी ठेवणं आणि दहावीची वाट न बघता पाचवी-सहावीतच पालकांना हे सांगणं.

पालकसभेत काय सांगाल

‘आमचा मुलगा व्हिडिओ बघूनच शिकतो’ किंवा ‘हिला पुस्तक आवडतच नाही, ती प्रॅक्टिकलवाली आहे’ हे पालक आता सर्रास सांगतात. त्यांना नाराज करू नका. व्हिडिओ संपल्यावर ‘काय पाहिलंस ते मला सांग’ एवढं रोज विचारायला सांगा. ज्या आई-वडिलांना स्वतःला लिहिता-वाचता येत नाही, तेही हा प्रश्न विचारू शकतात. रिक्षा चालवणारे वडील रात्री दिवसभराचा हिशोब मुलाकडून करून घेऊ शकतात. आजीची गोष्ट तिच्या बोलीत ऐकून मूल वर्गात सांगू शकतं. पालकांना हातभार लावायचा असतो. नेमकं काय करायचं, एवढंच त्यांना आपल्याकडून हवं असतं.

सोमवारपासून

सगळं एकदम करायला जाऊ नका. पहिल्या आठवड्यापासून रोज फक्त पाच मुलांना टेबलाजवळ बोलवा. दुसऱ्या आठवड्यात रोजच्या तासाची सुरुवात पाट्यांनी करा. तिसऱ्यात मुलं जिथे हमखास चुकतात असा एकच घटक निवडून तो वस्तू, चित्र आणि चिन्ह या तीन रूपांत घ्या आणि शेवटी चिठ्ठी लिहून घ्या. चौथ्यात वाचनाचे तीन गट पाडा. टाचणाच्या वहीत ‘कोणत्या शैलीच्या मुलांसाठी’ असा रकाना असेल, तर तिथे ‘मुलं इथे कशावर अडतात’ असं लिहायला लागा.

त्या मुलापुढचं ‘ऐ’ मी दिवाळीनंतर खोडलं आणि लिहिलं : ‘जोडाक्षरांवर अडतो.’ रोज मधल्या सुट्टीच्या आधी दहा मिनिटं, एका दिवशी एक जोडाक्षर. आधी ते असलेले शब्द तो ऐकायचा, मग मातीत बोटानं गिरवायचा, मग वाचायचा, मग त्याच शब्दांची गोष्ट करून सांगायचा. ऐकणं त्याला येतच होतं. तिथून सुरुवात केली आणि वाचनापर्यंत गेलो. फेब्रुवारीत ती नोंदही खोडावी लागली आणि तिच्याजागी आली : ‘गोष्ट वाचतो, विरामचिन्हांवर थांबत नाही.’

तुम्हीही हजेरीपटाच्या समासात पेन्सिलीनंच लिहा. महिन्याभरात खोडता येईल, असंच लिहा.